हो आणि नाहीच्या चिठ्ठ्या

माझ्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात बिस्किटांचा एक गोल, निळा, पत्र्याचा डबा आहे. तुम्ही इथे राहत होता तेव्हा दोघांनीही तो उघडायचा प्रयत्न केलेला आहे, आणि दर वेळी 'त्यात सुया आहेत, टोचतील' असं सांगून मी तो काढून घेतला. सुया नव्हत्या. त्यात तुमच्या आजोबांच्या आणि माझ्या चिठ्ठ्या होत्या. आता तुम्ही पुण्यात, डबा सनीव्हेलमध्ये, आणि पुण्याच्या शाळेमुळे तुम्हाला मराठी वाचता यायला लागलं आहे. तेव्हा आत काय आहे ते सांगायला हरकत नाही. थोरल्याने धाकटीला वाचून दाखवावं. अडलं तर आईला विचारा. बाबाला विचारू नका, तो सगळं दोन वाक्यांत इंग्रजीत सांगून मोकळा होईल.

इथे दर चार वर्षांनी अध्यक्षांची निवडणूक येते, आणि ती आली की टीव्हीवर, वर्तमानपत्रात, दारावर पत्रकं घेऊन येणाऱ्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं आता बरं चाललं आहे का? बरं चाललं असेल तर खुर्चीवर असलेल्यांना मत द्या, नसेल तर दुसऱ्याला. प्रश्न इतका सोपा आहे की त्याचं उत्तर कुणालाही देता यावं असं वाटतं.

आम्ही तो पहिल्यांदा ऐकला शिकागोत. तेव्हा आम्हाला मताचा अधिकारच नव्हता. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. आजोबा पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढत. शनिवारी आम्ही बसने डेव्हन ॲव्हेन्यूला जात असू. तिथे तूरडाळ, हिंग, आणि नशीब असेल तर मेथीची जुडी मिळे. परतताना आजोबा सामानाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसत आणि खिडकीच्या काचेवरचं धुकं पुसून दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत. अशाच एका शनिवारी घरी आलो, टीव्ही लावला, आणि तो प्रश्न ऐकला.

"आपल्याला कुणी विचारणार नाही," आजोबा म्हणाले. "आपणच एकमेकांना विचारू या."

त्यांनी किराण्याच्या खाकी पिशवीचे दोन तुकडे फाडले. नियम तिथेच ठरला. पहिला शब्द हो किंवा नाही, आणि पुढे एकच कारण. एकमेकांना दाखवायचं नाही. निकाल लागला की उघडायचं. बिस्किटं नुकतीच संपली होती, म्हणून डबा मिळाला.

त्यांची चिठ्ठी अजून आहे: 'हो. बूट कोरडे आहेत.' आदल्या हिवाळ्यात ते भोकं पडलेल्या बुटांत वर्तमानपत्र घालून कामाला गेले होते. माझी होती: 'नाही. इथे मला कुणी मॅडम म्हणत नाही.' चार वर्षांपूर्वी मी नागपूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आजोबा आधी हसले. मग ती चिठ्ठी त्यांनी पुन्हा वाचली. पुढच्या आठवड्यात कामावरून येताना ते आमच्या भागातल्या लायब्ररीतून नोकरीचा अर्ज घेऊन आले. मी पुढे आयुष्यभर लायब्ररीत पुस्तकं लावली, त्याची सुरुवात त्या खाकी कागदापासून झाली.

चार वर्षांनी, पुढच्या चिठ्ठ्यांच्या वेळी, कारखाना बंद पडला होता. आजोबा दिवसभर घरी असत, भाजी चिरून ठेवत, आणि मी आले की 'काय मॅडम, आज किती पुस्तकं?' असं विचारत. त्यांनी लिहिलं: 'नाही. कारण लिहायची गरज नाही.' मी लिहिलं होतं: 'हो. मला माझ्या नावाचा पगार येतो.' ती चिठ्ठी दाखवायची मला इतकी लाज वाटली की मी डबाच उघडू देईना. त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला, वाचलं आणि म्हणाले, "एकाच घरात?"

"एकाच घरात."

"मग त्या अध्यक्षांनी बिचाऱ्यांनी कुणाचं ऐकायचं?"

मला वाटतं, या प्रश्नावर मी तेव्हापासून ऐकलेल्या सगळ्या चर्चांत हे एकच वाक्य शहाणपणाचं होतं.

मग सांता क्लाराच्या एका चिप कंपनीने आजोबांना बोलावलं आणि आम्ही इकडे आलो. तुमचा बाबा तेव्हा दुपट्यात होता. काही वर्षांनी आम्ही नागरिक झालो आणि पहिलं मत दिलं ते एका शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये. खरंच गॅरेजमध्ये. एका भिंतीला सायकली टांगलेल्या, कोपऱ्यात कपडे धुवायचं मशीन, आणि मधोमध पुठ्ठ्याचे आडोसे लावून मतदान. शेजारणीने कॉफीचा थर्मास ठेवला होता. आजोबांनी कोट घातला होता. मी जरीकाठी साडी नेसले होते आणि वर कार्डिगन. बाहेर आल्यावर बाबा म्हणाला, "डिड यू विन?" आजोबा म्हणाले, "अजून नाही."

त्या काळात आमच्या रस्त्याच्या टोकाला जर्दाळूची बाग होती. जूनमध्ये बागेचा मालक खोक्यात फळं भरून रस्त्यावर ठेवी. पैसे डब्यात टाकायचे आणि खोकं उचलायचं. एका वर्षी ती झाडं पाडली आणि तिथे ऑफिसं झाली. त्या वर्षी आमच्या घराची किंमत कुठल्या कुठे गेली. आजोबांनी लिहिलं: 'हो. घर.' मी लिहिलं: 'नाही. जर्दाळू.'

"जर्दाळू काय अध्यक्षांनी पाडले?"

"आणि घराची किंमत काय त्यांनी वाढवली?"

"घर विकलं तर पैसे येतील."

"घर विकलं तर राहणार कुठे? तुमच्या चिठ्ठीत?"

अशी आमची ती मजा होती. कुणाला मत दिलं हे आम्ही कधी विचारलं नाही आणि एकमेकांची मतपत्रिका कधी पाहिली नाही. तोही नियमच होता. पण चिठ्ठ्या उघडल्या की न विचारता कळे.

आता मागच्या निवडणुकीचं सांगते. त्यात मी एक गोष्ट केली ती तुमच्या बाबालाही माहीत नाही.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी बाबाच्या कंपनीने इथला त्याचा विभाग बंद केला आणि त्याला पुण्याच्या ऑफिसचा प्रमुख केलं. तुम्हाला आठवत असेल, जाताना तुमच्या आठ बॅगा होत्या आणि धाकटीने नवव्या बॅगेसाठी रडून विमानतळ डोक्यावर घेतला होता. तुम्ही गेलात आणि दोन महिन्यांनी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजव्या हातातली ताकद गेली आणि बोलणं संथ झालं. डोकं शाबूत राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहायला लावा. ते इंग्रजी लिहायला बसत आणि चिडून पेन फेकत. जन्मभर ड्रॉइंगवर बारीक, सुबक अक्षरं काढलेला हात तो.

मग धाकटी पहिलीत गेली आणि तिला मराठीचा गृहपाठ मिळायला लागला. आमचे सकाळचे सात म्हणजे तुमची संध्याकाळ. व्हिडिओवर ती तिच्या वहीत अक्षरं काढी आणि आजोबा त्यांच्या वहीत. "आजोबा, तुमचा क झोपलाय. त्याला स्ट्रेट करा," ती म्हणे. आणि डॉक्टरीणबाईंवर खेकसणारे आजोबा निमूटपणे क उभा करत. इंग्रजी अक्षरं हाताला येत नव्हती. ही येत होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पाटीवर गिरवलेली होती ना.

निवडणूक जवळ आली तसे आजोबा खुशीत होते. शेअर बाजार वर होता, निवृत्तीचा फंड फुगला होता, मुलगा साहेब झाला होता. "यापेक्षा बरं काय असतं?" असं ते चहाच्या घोटाघोटाला म्हणत. मी म्हणे, अंड्यांचे भाव बघा, डाळीचे बघा, औषधांचे बघा. ते म्हणत, "अंड्यांवर अध्यक्ष बसत नाहीत. कोंबडी बसते." अध्यक्ष कोणते, ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्या निम्म्या काका-काकूंचा फोन येईल आणि उरलेल्या निम्म्यांचा येणार नाही.

आता मत द्यायला गॅरेजमध्ये जावं लागत नाही. मतपत्रिका टपालाने घरी येते. ती भरायची, पाकिटात घालायची, पाकिटावर सही करायची आणि लायब्ररीबाहेरच्या पेटीत टाकायची. आम्ही जेवणाच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून भरल्या. त्याआधी चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकल्या. मी त्यांचं पाकीट उलटं करूनच पिशवीत ठेवलं, कारण नियम. घरातला प्रत्येक कागद मी दोनदा तपासते; तो एक तपासला नाही.

दहाएक दिवसांनी आजोबांच्या नावाने निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. झटक्यापासून घरचं सगळं टपाल मीच उघडते. पत्रात लिहिलं होतं की तुमच्या पाकिटावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही. सोबतच्या फॉर्मवर सही करून दिलेल्या तारखेच्या आत पोचवा, नाहीतर तुमचं मत मोजता येणार नाही. अगदी सभ्य पत्र होतं.

मला वाटलं, सही करताना हात हलला असेल. आणि लगेच दुसरा विचार आला. हे 'हो'वाले, मी 'नाही'वाली. यांचं मत मोजलं गेलं की माझं पुसलं जाणार. नाही मोजलं गेलं तर माझं एक शिल्लक राहील. मी काहीच करायची गरज नव्हती. पत्राची घडी घातली आणि भारतीय किराणा दुकानाची दिवाळी सेलची जाहिरात टेबलावर पडली होती तिच्याखाली ते सरकवलं. चुकून नाही. जाहिरात सरळ करून, कडा जुळवून ठेवली.

दोन दिवस ते तिथे होतं. मी त्याच टेबलावर चकलीची भाजणी चाळली. पुण्याला पाठवता येणार नव्हत्या, तरी चकल्या केल्या. चकली मोडली की मला वाटे, ज्या कारभारात विभाग बंद होतात आणि नातवंडं आठ बॅगा घेऊन जातात, त्याला या घरातून हो का मिळावं? मला अर्थशास्त्र कळत नाही असं नाही. कंपनीने निर्णय घेतला, अध्यक्षांनी नाही, हे मला ठाऊक होतं. पण प्रश्न अर्थशास्त्राचा विचारलेला नव्हता. तुमचं बरं चाललंय का, असं विचारलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन लागला. धाकटीला स्वतःचं पूर्ण नाव लिहायचा गृहपाठ होता.

"आजोबा, तुम्ही पण तुमचं फुल नेम लिहा."

आजोबांनी जीभ दातांत धरून लिहिलं. शिरोरेघ डोंगरासारखी वरखाली, पण नाव पुरं झालं. वही कॅमेऱ्यासमोर धरली.

"गुड! स्टार देते. आजी, तुझ्याकडे स्टिकर आहे? त्यांना स्टिकर लाव."

"स्टिकर कशाला," आजोबा सावकाश म्हणाले. "मी आता सही... अशीच करतो."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अशीच म्हणजे? कुठे?"

"सगळीकडे. डॉक्टरकडे. परवा... बॅलटवर."

मी खुर्चीवर बसले. निवडणूक कार्यालयाकडे त्यांची तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची इंग्रजी सही होती, आणि पाकिटावर त्यांनी पहिलीतल्या मुलाच्या अक्षरात, मराठीत, मोठ्या अभिमानाने नाव लिहून दिलं होतं. बापड्या कारकुनाने ती कशाशी जुळवायची? मी जाहिरात उचलली, पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"कधी आलं?"

"तीन दिवस झाले."

"तू... तीन दिवस टपाल उघडलं नाहीस?"

"उघडलं होतं."

त्यांनी पत्र खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, आणि मी तेव्हाही बोलले नव्हते. पण मला तसंच वाटलं.

"एवढा राग? अध्यक्षांवर?"

"अध्यक्षांवर नाही."

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर तुमची सायकल अजून कुंपणाला टेकून होती. ती त्यांनी कुणाला देऊ दिली नव्हती. "माझं मत गेलं," ते म्हणाले, "तर पोरं परत येतील?"

"नाही."

"मग पेन दे."

मी त्यांचा जुना पासपोर्ट आणून सहीचं पान उघडलं. समोर कागद हवा होता म्हणून तीच जाहिरात उलटी केली. त्यांनी सुरुवात केली. पहिलं इंग्रजी अक्षरच घसरे. एक ओळ झाली, दोन झाल्या. "स्वतःच्या सहीची नक्कल करतोय," ते म्हणाले, "पकडतील मला." मी त्यांचं मनगट धरायला गेले तर हात झटकला. "तू लांब बस. तुझा... भरवसा नाही." हे म्हणताना ते हसत होते, पण मी लांब बसले.

दुपारपर्यंत जाहिरातीची मागची बाजू भरली. खालच्या ओळींत ती सही हळूहळू ओळखीची झाली. शेवटच्या अक्षराची शेपटी, जी ते शिकागोत चेकवर काढत, तीसुद्धा आली. मग त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, "टपालाने नको. आपण देऊन येऊ." गाडी मी चालवली. त्यांनी कोट घातला होता.

काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म घेतला आणि सही ताडून बघून कळवू असं सांगितलं. मी त्यांना काय झालं ते सांगितलं, म्हणजे मराठी सहीचं. तीन दिवसांचं नाही. त्या म्हणाल्या, सही कुठल्याही लिपीत चालते, फक्त आमच्याकडे तशी नोंद हवी. आणि त्यांनी सही बदलायचा दुसरा फॉर्म दिला. आजोबांनी तिथेच उभ्याने, काठी माझ्या हातात देऊन, पुढच्या निवडणुकांसाठी मराठीत सही केली. बाईंनी कागद फिरवून पाहिला आणि विचारलं, "यातलं कुठलं अक्षर अवघड आहे?" आजोबा म्हणाले, "माझी शिक्षिका सहा वर्षांची आहे. तिला विचारतो."

आठवड्याने वेबसाइटवर त्यांच्या नावापुढे 'मोजलं' असं आलं. माझ्या नावापुढे आधीच होतं. म्हणजे आमच्या घरातून अध्यक्षांना काही मिळालं नाही आणि विरोधकांनाही नाही. आपण दोघं मत न देता घरी बसलो असतो तरी तेच झालं असतं, असं मी म्हटलं. आजोबा म्हणाले, "मग कोट कशाला घातला?"

निकाल लागला त्या संध्याकाळी डबा उघडला. जुन्या चिठ्ठ्या आधी पुन्हा वाचल्या, बूट, मॅडम, पगार, जर्दाळू. मग या वेळच्या. त्यांच्या चिठ्ठीवर फंड असेल, शेअर बाजार असेल, साहेब झालेला मुलगा असेल, अशी माझी खात्री होती. वहीतल्या कागदावर, शिरोरेघ डोंगरासारखी, लिहिलं होतं: 'हो. पुन्हा पहिलीत बसलो आहे.'

त्यांनी माझी उघडली आणि हळूहळू मोठ्याने वाचली. 'नाही. सकाळी सात ते साडेसात सोडून.'

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "नियम आहे. हो, नाहीतर नाही. सोडून-बिडून नाही."

"मग काढून टाकते."

"राहू दे," ते म्हणाले, आणि चिठ्ठी डब्यात टाकली.

मी सेलच्या जाहिरातीची घडी घालून तीही आत ठेवली. तिच्या एका बाजूला तूरडाळ आणि पणत्यांचे भाव आहेत, दुसऱ्या बाजूला तुमच्या आजोबांच्या पस्तीस सह्या. पुढच्या वेळी याल तेव्हा डबा उघडून बघा. सुया नाहीत.